जिवंत कड

दुकानावरची पाटी बापाच्या वेळची आहे. मोठ्या अक्षरात 'धार लावून मिळेल' आणि त्याखाली बारीक अक्षरात 'व चिरंजीव'. चिरंजीव कधी झालेच नाहीत. पाटी रंगवली तेव्हा घरात पाळणा हलायचा होता, बाप हौशी होता आणि रंगारी त्याहून हौशी. झाली मुलगी. तोवर रंगारी गाव सोडून गेला होता, म्हणून पाटी तशीच राहिली. पुढे ती मुलगीच चाकावर बसायला लागली. कुणी खवचटपणे विचारलं, "काय, चिरंजीव कुठं आहेत?" तर चाकावरची नजर न काढता ती म्हणायची, "बोला, चिरंजीवच ऐकतोय."

तीच आमची धारबाई. आता पन्नाशी ओलांडलेली. दुकान इतकं चिंचोळं की दोन गिऱ्हाइकं आत आली तर तिसऱ्याने श्वास बाहेरूनच घेऊन यावा. एका बाजूला पायाने फिरवायचं जुनं चाक, दुसऱ्या बाजूला विजेवरचं, मध्ये पाण्याचं पत्र्याचं टमरेल आणि भिंतीला उतरत्या क्रमाने मांडलेले दगड. पहिला खडबडीत, शेवटचा लोण्यासारखा. ओल्या लोखंडाचा वास तिच्या पदराला इतका बसलाय की ती पाहुणी म्हणून कुठं गेली तरी लोक घरातल्या सुऱ्या आठवायला लागतात. सुरी हातात आली की आधी ती अंगठ्याच्या नखावर पातं टेकवते, मग गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघते. पात्यावरून तिला कळतं की या माणसाने याच सुरीने डब्याचं झाकण उचकटलंय. आणि ती ते बोलून दाखवते. चारचौघांत.

बापाने तिला शिकवलं नाही. ती त्याच्या पाठीमागे उभी राहून शिकली. "हे पोरींचं काम नाही, बोटं जातील," असं तो म्हणाला तेव्हा तिने दहा बोटं त्याच्यासमोर धरली आणि विचारलं, "पोरांना किती असतात?" बाप हसला आणि तिथेच हरला. लग्न झाल्यावर नवऱ्याने विचारलं, दुकान की घर? ती म्हणाली, दुकान. तिला वाटलं होतं तो गंमत करतोय. त्यालाही वाटलं होतं ती गंमत करतेय. तो गेला तेव्हा लेक तीन वर्षांची होती. तिच्या पाळण्याची दोरी एका टोकाला दुकानाच्या खुंटीला बांधलेली असायची.

बापाची एकच शिकवण मात्र तिच्या हातात देवपूजेसारखी पक्की बसली होती. कुठलंही पातं गिऱ्हाइकाच्या हाती द्यायच्या आधी त्याच्या पाठीच्या दोन्ही कडा मारायच्या. म्हणजे धार लावून झाली, पातं पुसलं, की गुळगुळीत दगडाचा तुकडा घ्यायचा आणि पाठीच्या कडांवरून तिरका ओढायचा. दोन ओढी इकडून, दोन तिकडून. कडेचा तिखटपणा जातो, ती गोलसर होते, भाजी चिरताना पाठीवर बोट टेकवलं तर बोचत नाही. "धार समोरच्यासाठी, पाठ धरणाऱ्यासाठी," बाप म्हणायचा. "धरणाऱ्याला आपल्या हातून कधी कापायचं नाही." चाळीस वर्षं तिने एकही सुरी कडा मारल्याशिवाय दुकानाबाहेर जाऊ दिली नाही. ते काम आता ती करत नव्हती, तिचा हातच करत होता. ती बोलत असायची, भांडत असायची, चहा पीत असायची, आणि हात कडा मारून मोकळा व्हायचा.

लेक मात्र चाकावर बसली नाही. तिला लहानपणापासून चढायची खोड. शाळेच्या पाण्याच्या टाकीवर ती तीनदा सापडली आणि तिन्ही वेळा धारबाईने मुख्याध्यापकांना हेच विचारलं, की टाकीला शिडी कुणी लावली. मोठी झाल्यावर पोरीने डोंगर बचाव पथकात नाव घातलं. कड्यावर अडकलेल्या, दरीत घसरलेल्या माणसांना वर काढणारं पथक. दोरावरची परीक्षा ती पास झाली, धावण्याची झाली, जखमीला पाठीवर घेऊन उतरण्याची तर पहिल्या नंबराने झाली. राहिली शेवटची. ओल्या मैदानावर एकटं बसायचं, जवळ एक सुरी, एक चकमकीची कांडी आणि पाण्याने अर्धा भरलेला पत्र्याचा डबा. तासाभरात आग पेटवून पाण्याला उकळी आणायची. काडेपेटी नाही, कागद नाही. दोनच संधी मिळतात. दुसऱ्यांदा चुकलं की पथकाचं दार कायमचं बंद.

पहिल्या खेपेला ती नापास होऊन आली. बॅग फेकली, सुरी मात्र फेकली नाही. आईच्या समोर ठेवली.

धारबाईने उचलून बघितली. पथकाने दिलेली नवीकोरी सुरी, वीतभर पातं, जाड, मुठीला रबर, आणि गंज चढू नये म्हणून मुठीपासून टोकापर्यंत काळाकुळकुळीत थर. तिने धारेवर नख ठेवलं. "धार तर तू झकास राखलीयेस. मग झालं काय?"

"ठिणगीच पडली नाही."

"कांडी ओली होती?"

"नाही गं. कांडीवर सुरीची पाठ दाबून जोरात ओढायची असते. पाठीने कांडीचा चुरा खरवडला की तोच पेटतो. मी ओढली, ओढली, दीडशे वेळा ओढली. नुसता काळा डाग कांडीवर."

"आणि बाकीचे?"

"बाकीच्यांनी धारेने ओढली."

"काय?"

"सुरी उलटी केली आणि सरळ धारेने कांडी खरवडली. धारेने पडते ठिणगी. तिघं पास झाले. एकाचा तळहात फाटला, पण पास झाला."

"धारेने?" धारबाईच्या तोंडावर असा भाव आला, जणू कुणी तिच्या देखत लेकराला चिमटा काढला. "असली धार कांडीवर घासली? त्या सुऱ्यांनी आता दोर तुटेल का? लोणी तुटणार नाही!"

"तेच ना," पोरगी म्हणाली. "हात उचलला मी, दोनदा उचलला. नाही झालं माझ्याच्याने. धार कांडीवर घालायची म्हणजे... तू समोर उभी दिसायला लागलीस."

"मी?"

"डोळे वटारून."

धारबाई हसली. असं हसू तिला फार क्वचित येतं, लोखंडाच्या कढईत चमचा पडावा तसं. "म्हणजे मीच नापास केलं तुला."

"पथकाचे मास्तर म्हणाले, सुरीला नावं ठेवू नकोस, हातात कसब नाही तुझ्या."

हसू थांबलं. "कसब नाही?" धारबाईने सुरी पुन्हा उचलली. या वेळी तिने धारेकडे बघितलंच नाही. सुरी डोळ्यासमोर आडवी धरली आणि पाठीवरून अंगठा फिरवला. पाठ बोट फिरेल तिथे बोटाला शरण जात होती. गोल, गुळगुळीत, वर रंगासारखा काळा थर. "ही बघ. साबणाची वडी आहे ही. हिने कांडी खरवडायची? कांडीला गुदगुल्या होतील. ही कुणी बनवली? ज्याने आयुष्यात काही खरवडलं नाही त्याने."

"मग?"

"मग काय. पाठ चौकोनी करायची. कड जिवंत ठेवायची. इतकी की नख ओढलं तर नखाचा चुरा पडेल. असली कड आणि कांडी भेटली की ठिणगीच्या बापाला पडावं लागेल."

"पण फेरफार करता येत नाही सुरीत," पोरगी म्हणाली. तिच्या खिशात नियमांचा कागद होता, घडीवर फाटायला आलेला. तिने वाचून दाखवला. नियम आठ, दिलेल्या साहित्यात फेरफार करू नये. नियम नऊ, दिलेल्या सुरीची निगा राखणे ही उमेदवाराची जबाबदारी. नियम दहा, मैदानात सापडेल ती नैसर्गिक वस्तू वापरता येईल.

"नऊ परत वाच," धारबाई म्हणाली.

पोरीने वाचला.

"झालं तर. सुरीची पाठ काम करत नाही. ती करायला लावणं म्हणजे निगा. ज्याला वाद घालायचाय त्याला माझ्याकडे पाठव."

परीक्षेच्या आदल्या दिवशी ती कामाला बसली. विजेच्या चाकावर दोन मिनिटांत झालं असतं, आणि पोरीने ते म्हटलंही. धारबाईने तिच्याकडे असं बघितलं की पोरीने जीभ चावली. चाकावर पातं तापतं, निळं पडतं, आणि पोलादाला दिलेलं पाणी उतरतं. पाणी उतरलं की सुरी दिसायला सुरी राहते आणि आतून चमचा होते. म्हणून हाताने. तिने पातं दोन लाकडी पट्ट्यांच्या मध्ये घट्ट आवळून पाठ वर करून धरलं. धारेवर चामडं गुंडाळलं. कानशीने बघितलं तर कानस कडक पोलादावरून घसरत होती. मग तिने सगळ्यात खडबडीत दगड घेतला, पाण्यात बुडवला आणि पाठीवर सपाट ठेवून ओढायला लागली. मुठीजवळची चार बोटं जागा तिने सोडली, तिथे जोर लावताना अंगठा टेकतो. पुढची पाठ तेवढी घेतली. आधी काळा थर गेला, मग खालचं पांढरं पोलाद दिसायला लागलं, एक रेघ, मग दोन, मग सगळी पट्टी. दुपारी बसली ती दिवे लागेपर्यंत उठली नाही. गिऱ्हाइकं दारातून परत गेली. एकाने आवाज दिला, "मालक आहेत का?" ती म्हणाली, "आहे, पण आज तुझा नाहीये."

कांडी करून बघायला घरात नव्हती. ती पथकवाले परीक्षेच्या वेळीच देतात. पण धारबाईला कांडीची गरज वाटली नाही. तिने नख लावून बघितलं, नखाचा पांढरा चुरा पडला. शेजारी पोरगी दोराच्या गाठी बांधत उद्याच्या गोष्टी बोलत होती, आणि धारबाई तिला दटावत होती की डबा आगीवर ठेवताना झाकण विसरू नकोस, उकळी लवकर येते. बोलत बोलत तिने पातं पुसलं, तेल लावलं, म्यानात घातलं.

सकाळी पोरगी पहिल्या बसने गेली.

साडेनऊला मटणवाला सत्तूर घेऊन आला. तो रोजचाच, तोंडाने आचरट आणि मनाने निर्मळ. "ताई, जरा घाई करा, बकरं वाट बघतंय," तो म्हणाला. "बकऱ्याला कसली घाई?" असं म्हणत तिने सत्तूर चाकावर घेतला. धार झाली. पातं पुसलं. मटणवाला त्याच्या मेव्हण्याच्या नव्या स्कूटरबद्दल काही सांगत होता, ती हूं हूं करत होती. एका कडेवर दोन तिरक्या ओढी झाल्या, आणि दुसऱ्या कडेकडे वळताना हात हवेत थांबला.

हातात गुळगुळीत दगडाचा तुकडा होता. तो कधी उचलला ते तिला माहीत नव्हतं.

"ताई? काय झालं?"

"मेले मी," धारबाई म्हणाली.

"कोण मेलं?"

"काल पातं पुसलं मी. पुसल्यावर काय केलं? तेल लावलं. तेल लावायच्या आधी काय केलं?" ती स्वतःशीच बोलत होती. तिने मांडीवरचा कालचा फडका उचलला. फडक्यात गुळगुळीत दगडाची राखाडी पूड होती, खडबडीत दगडाची तांबूस पूड होती, आणि राखाडी पूड वरच्या बाजूला होती. "मारली. दोन्ही कडा मारल्या मी. सहा तास घासून जिवंत केल्या आणि चार ओढीत मारून टाकल्या. या हाताने." तिने उजवा हात असा बघितला जणू तो भाड्याने आणला होता.

मटणवाल्याला कडा आणि ओढी कळल्या नाहीत, पण तिची पोरगी कळली. ती आज परीक्षेला गेलीय हे गल्लीभर माहीत होतं. तो म्हणाला, "बसा मागे. मेव्हण्याची नवी स्कूटर आणलीय."

"आणि बकरं?"

"त्याचं काय, दिवाळं नाही निघणार थोडं थांबलं तर."

सत्तूर एका कडेने मारलेला आणि एका कडेने जिवंत, तसाच पाटावर राहिला.

डोंगराच्या पायथ्याशी जुनी दगडाची खाण होती, तिथे मैदान होतं. चहूबाजूंनी जाळीचं कुंपण. आदल्या दिवसांच्या धुक्याने सगळं ओलं. आत अकरा उमेदवार एकमेकांपासून लांब लांब बसलेले, प्रत्येकाच्या पाठीवर नंबराचं कापड. लेकीचा नंबर सात. पथकाचे मास्तर मध्यात फिरत होते, गळ्यात शिट्टी, हातात घड्याळ, चेहरा उन्हाने भाजून विटेसारखा झालेला. चार ठिकाणी धूर होता. सात नंबरकडे नव्हता.

धारबाईने कुंपणाला तोंड लावलं. ओरडायला श्वास भरला, आणि तो तसाच धरून ठेवला. पोरगी कांडी ओढतच नव्हती. ती गुडघ्यावर वाकून बसली होती, दोन्ही हातांत सुरी, पाठ खाली, धार वर. समोर नाल्यातून आणलेला एक चपटा दगड. त्याच्यावर ती सुरी मागे पुढे सरकवत होती. मध्येच ओंजळीने पाणी टाकत होती. धारबाईने ते खांदे ओळखले. तिच्या बापाचे खांदे होते ते. तिचे स्वतःचे होते.

"कळलं तिला," ती पुटपुटली. "मारलीय ते कळलं."

"मग झालं की काम!" मटणवाला म्हणाला.

झालं नव्हतं. मास्तरांचीही नजर गेली होती. "सात नंबर! अठ्ठावीस मिनिटं गेली. आग पेटवायला बसलीस की स्वयंपाकाच्या सुऱ्या घासायला?" ते ताडताड तिच्याकडे निघाले. "थांब. थांबव ते. फेरफार आहे हा. नियम आठ. सुरी खाली ठेव, बाद आहेस तू."

पोरीने मान वर केली. सुरी खाली ठेवली नाही. तिचे हातही थांबले नाहीत.

"मास्तर!" धारबाईने हाक मारली. जाळीवरचे कावळे उडाले. "इकडे या."

मास्तर थबकले. "बाई, तुम्ही कोण? बाहेरून मदत चालत नाही. एक शब्द तिच्याशी बोललात तर—"

"तिच्याशी बोलतंय कोण? तुमच्याशी बोलतेय. तुमच्याशी बोलायला बंदी आहे असं कुठल्या नियमात आहे? आठ, नऊ का दहा?"

दूरवर कुणीतरी उमेदवार फिसकन हसला. मास्तर चिडून कुंपणापाशी आले. त्यांनी यायला घेतलेली वीस पावलं पोरीने वाया घालवली नाहीत.

"आई आहात का हिची?"

"आई आहे आणि धारवाली आहे. आज दुसरं जास्त."

"मग ऐका. तुमच्या मुलीच्या हातात कसब नाही. मागल्या वेळीही नव्हतं. कसब असलं की कुठल्याही सुरीने ठिणगी पडते."

"कुठल्याही?"

"कुठल्याही." मास्तरांनी कमरेची सुरी उपसली, खिशातली कांडी काढली, सुरीची पाठ तिच्यावर ठेवून एकच हात ओढला. भसकन ठिणग्यांचा झोत जाळीवर आला. मटणवाला दोन पावलं मागे सरला. "बघितलंत? याला हात लागतो, बाई."

"वा," धारबाई म्हणाली. ती मागे सरली नव्हती. तिचे डोळे ठिणग्यांवर नव्हतेच. "जरा जाळीला लावून धरा. घेत नाही मी, नुसती बघते."

मास्तरांनी धरली. का धरली ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मोठमोठ्या हॉटेलांचे आचारीसुद्धा तिने असं म्हटलं की सुरी पुढे करतात.

"पथकाच्या सुऱ्या काळ्या असतात. हिची पाठ पांढरी कशी?"

"पंधरा वर्षं वापरतोय. झिजून गेला थर."

"वापरून झिजलं की कोपरे गोल होतात, मास्तर. तुमच्या बुटाचे बघा. हिची कड माझं नख काढेल. आणि या रेघा बघितल्यात? पाठीवर आडव्या, सगळ्या एका दिशेच्या, मुठीपाशी चार बोटं जागा सोडून. या दगडाच्या रेघा आहेत. कुणीतरी बसून, पाणी घालून, तास दोन तास घासलीय ही. जाणकार माणूस होता. कोण होता?"

मास्तरांनी सुरी स्वतःकडे वळवली. पंधरा वर्षं कमरेला असलेली वस्तू माणूस बघत नाही. त्यांनी पाठीवर अंगठा फिरवला आणि झटकन उचलला.

"आमचे जुने वस्ताद," ते सावकाश म्हणाले. "आम्ही भरती झालो तेव्हा... पहिल्या आठवड्यात त्यांनी सगळ्यांच्या सुऱ्या मागून घेतल्या होत्या. दुसऱ्या दिवशी परत दिल्या. आम्हाला वाटलं, नंबर घालायला घेतल्या."

"नंबर घातला होता?"

"नाही."

"मग आता सांगा. त्यांनी केला तो फेरफार? तुम्ही तुमच्या परीक्षेत बाद?"

धारबाई थांबली नाही. ती थांबणाऱ्यातली असती तर पाटीखाली दुसराच कुणीतरी बसला असता. "त्या पोरांना तुम्ही साबणाच्या वड्या दिल्यात आणि म्हणालात, तुमच्यात कसब नाही. तिघांनी धारेने आग पेटवली, त्यांना पास केलंत. उद्या कड्यावर माणूस लटकलेला असेल, दोर कापायचा असेल, आणि त्यांच्या हातात बोथट पातं असेल. माझ्या पोरीने धार वाचवली म्हणून नापास झाली. आज ती नाल्यातला दगड घेऊन पाठ सरळ करतेय. दगड मैदानातला आहे. पाणी मैदानातलं आहे. हात तिचे आहेत. आता याला काय नाव आहे ते तुमच्या तोंडाने सांगा. आठ की नऊ?"

मास्तरांच्या विटेसारख्या चेहऱ्यावर जरा काळं पाणी पडल्यासारखं झालं. त्यांनी मागे वळून सात नंबरकडे बघितलं. घड्याळाकडे बघितलं. कुंपणापलीकडच्या बाईकडे बघितलं नाही.

"निगा," ते म्हणाले.

"मोठ्याने सांगा. तिने बाद ऐकलंय."

मास्तरांनी शिट्टी तोंडात घातली, पुन्हा काढली. "सात नंबर! सुरू ठेव. निगा आहे ती. पण वेळ वाढवून मिळणार नाही!"

"मागितलाय कुणी?" तिकडून उत्तर आलं. वर न बघता.

आईचीच जीभ, मटणवाला म्हणाला.

चाळिसाव्या मिनिटाला पोरीने सुरी पुसली. तिने पाठीवर नख ओढलं आणि नखाकडे बघितलं. सुक्या सालीचा चोथा तिने आधीच शर्टाच्या आत, पोटाशी धरून गरम ठेवला होता, तो काढून दगडावर ठेवला. कांडी टेकवली, पाठ लावली, ओढली. ठिणग्या अशा पडल्या की लांबून ऐकू आल्या. दुसऱ्या ओढीला चोथ्याने पेट घेतला. मग बारीक काटक्या, मग बोटाएवढ्या, मग लाकडाच्या गाभ्यातून काढलेली सुकी ढलपी. ती ढलपी तिने शाबूत धारेच्या सुरीने आधीच काढून ठेवली होती, नखासारखी पातळ. ज्यांनी धारेने कांडी खरवडली होती त्यांच्या सुऱ्या एव्हाना लाकूड सोलत नव्हत्या, चावत होत्या.

धारबाई जाळीला दोन्ही हातांनी धरून उभी होती. सत्तावन्नाव्या मिनिटाला तिने दात ओठांवर घट्ट रोवले. पोरीने डब्यावर झाकण ठेवलं होतं की नाही ते तिला तिथून दिसत नव्हतं. अठ्ठावन्नाव्या मिनिटाला झाकण उडालं, टणटण वाजत दगडांवरून गेलं, आणि पाणी कडेवरून फसफसून आगीत सांडलं.

मास्तरांनी वाकून डब्यात बघितलं. मग त्यांनी काहीतरी लिहिलं. लिहिताना त्यांनी पेन फार दाबलं नाही, पण खोडलंही काही नाही.

फाटकाबाहेर पोरगी आली तेव्हा तिच्या तोंडाला राख होती आणि बोटांना दगडाची पूड. आईसमोर उभी राहून तिने सुरी पुढे केली. "कडा तू मारल्यास ना?"

"हाताने मारल्या. मी दुसरीकडे बघत होते."

"बसमध्येच कळलं मला. नख लावलं, घसरलं. सगळा रस्ता शिव्या घातल्या तुला."

"ऐकू आल्या. म्हणून आले."

पोरीला हसू फुटलं आणि मग तिचं नाक वाहायला लागलं, ते तिने नंबराच्या कापडाने पुसलं.

मास्तर मागोमाग आले. ते म्हणाले, "बाई, पुढच्या तुकडीच्या बावीस सुऱ्या आहेत. तुमच्या दुकानावर पाठवून देतो."

"नका पाठवू."

"का?"

"मी बावीस घासल्या तर पंधरा वर्षांनी त्यांतला एक मास्तर होईल आणि कुणाला तरी म्हणेल, तुझ्यात कसब नाही. पोरांना पाठवा. दगड मी देते. पाणी माझं. ज्याची सुरी त्याने घासायची. आणि त्या तिघांनाही पाठवा, धार घालवणाऱ्यांना. त्यांना मला बघायचंय."

मास्तरांनी मान हलवली. होकाराची होती की घाबरल्याची, ते सांगता येत नाही. पण पुढच्या आठवड्यात पोरं आली. गल्लीत बावीस जण टमरेलं घेऊन ओळीने बसले होते, आणि धारबाई त्यांच्या मागून फिरत प्रत्येकाच्या खांद्यावर थाप मारून म्हणत होती, "सपाट धर. सपाट. डोंगर चढतोस ना? मग उतार ओळखता येत नाही?"

परीक्षेच्या दिवशी मात्र मायलेकी आणि मटणवाला स्कूटरवर बसून परत आले तेव्हा सत्तूर पाटावर तसाच होता. मटणवाला म्हणाला, "राहू द्या ताई ती एक कड तशीच. मीपण ठिणगी पाडीन दुकानात. गिऱ्हाईक वाढेल."

"अंगठा जाईल तुझा आणि वजनात धरशील," धारबाई म्हणाली आणि बसली. तिने गुळगुळीत दगडाचा तुकडा शोधला. तो जागेवर नव्हता. पोरीने आल्या आल्या तो उचलून वरच्या फळीवर, आईचा हात पोचणार नाही तिथे ठेवला होता.

"खाली दे," आई म्हणाली.

"आधी बघ कुणाची सुरी आहे. मग माग."

धारबाईने सत्तूर उचलला, उलटसुलट करून बघितला, मग मटणवाल्याच्या जाड अंगठ्याकडे बघितलं. "मटणवाल्याचा आहे," ती म्हणाली. "कड मारायची आहे. दे."

पोरीने दिला.